केळीच्या सोपटातल्या तीन काड्या

मी माहेराहून, असोद्याहून निघाले त्या सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, विहिरीजवळच्या काळ्या झाडाच्या तीन काड्या कापून घेऊन आले. त्या झाडाचं नाव आमच्यात कुणाला माहीत नव्हतं. पानं पिकल्या जांभळासारखी, नुसती शोभेची. आबांनी काड्यांचा चीक सुकू दिला, राख लावली, ओलं फडकं गुंडाळून वरून केळीच्या खोडाचं सोपट बांधलं. म्हणाले, "पानी कमी घालजो. हे काही केळ नाही."

यांना धुळ्याला नोकरी लागली होती. खोलीपुढच्या सामाईक अंगणात मी काड्या लावल्या. मी केळीवाल्याची मुलगी, हात राहतो कुठे? नळ आला की पहिली बादली तिकडे. दोन काड्या कुजल्या. तिसरी जगली, कारण त्याच महिन्यात आबा गेले आणि मी पंधरा दिवस असोद्याला होते.

अंगणातल्या बायका अहिराणी बोलायच्या. माझ्या असोद्याकडच्या बोलण्याला एकदा हसल्या, तेव्हापासून मी मान हलवूनच भागवायचे. घरमालकीण नानी समोर दिसल्या की आत जायचे.

दुसऱ्या थंडीत झाडाची सगळी पानं गळाली. नानींच्या मुलाच्या स्कूटरला जागा हवी होती. त्या म्हणाल्या, "तुनं झाड मरी गये. उपटी टाक." यांनीही होकार दिला. आबांच्या हातचं माझ्याकडे तेवढंच होतं. नानींनी खोडाला हात घातला तशी मी पुढे झाले आणि नखाने साल खरडली. आत हिरवं होतं. चिकाचा थेंब वर आला.

"मरेल नही शे," मी त्यांच्याच बोलीत म्हणाले.

नानी थेंबाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुले बोलता येस का वं?"

स्कूटर जिन्याखाली गेली. फाल्गुनात काळी पानं फुटली, तेव्हा नानींनी शिरपूरला माहेरी न्यायला काडी मागितली. सोपट कुठलं मिळायला? दुधाच्या पिशवीत बांधून दिली.

असोद्याचं झाड पुढे भावाने काढलं, विहिरीवरच्या मोटारीला खोली बांधायची होती. काडी आणून देते म्हटलं, तर हसला. माहेरी गेले की चार दिवस बरं वाटतं. पण थंडी सरत आली असेल तर पाचव्या दिवशी मी धुळ्याची एसटी धरते. झाडाला पानं फुटत असतील, आणि नानी हौसेने बादल्या ओतत असतील.