रॅमच्या खाचेतली अक्षता

आमच्या पनवेलच्या कॉलेजात हार्डवेअर शिकवायची एकच पद्धत होती: हार्डवेअरला हात लावायचा नाही. लॅबमध्ये एक कॉम्प्युटर कायम उघडा, आडवा ठेवलेला असायचा, मुलांना आतले भाग दिसावेत म्हणून. आम्ही भोवती हाताची घडी घालून उभं राहायचं आणि सर लांबून पट्टीने दाखवायचे. ऑपरेटिंग सिस्टीम तर त्यांनी वर्षभर फळ्यावरच चालवली. उलव्यातल्या फ्लॅटचे भाव मात्र त्यांना तोंडपाठ होते, आणि ते सांगताना माणूस अगदी खुलायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या उघड्या कॉम्प्युटरची पूजा झाली. सरांनी मदरबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवले आणि वर मूठभर अक्षता टाकल्या. हार्डवेअरचा प्राध्यापक म्हणे! सुटीनंतर त्यांनी फुलं काढली, एक फुंकर मारली, की झाली साफसफाई.

पुढे प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी तोच कॉम्प्युटर माझ्यापुढे सरकवला आणि रॅमची पट्टी हातात दिली. "बसवा आणि चालू करून दाखवा."

यात मी नापास झाले असते तर माझं शिक्षण तिथेच संपलं असतं. विचुंब्याला घरी वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, "नापास झालीस तं बास. मंग आमी नाय पाठवनार."

पट्टी काही नीट बसेना. एक टोक वरच राहायचं आणि कॉम्प्युटर नुसता पीं-पीं करायचा. सर परीक्षकांकडे बघून हसले. "मुलींना हे जरा जडच जातं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वायर काढली, केसातली पिन घेतली आणि पट्टी जिथे बसते ती खाच हळूच कोरली. आतून कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा निघाला. तो परीक्षकांसमोर टेबलावर ठेवला. पट्टी दाबली, खट्‌ आवाज झाला. वायर लावून बटण दाबलं तर पडद्यावर अक्षरं उमटली.

परीक्षक त्या दाण्याकडे बघत राहिले. आता सरांची चांगली खरडपट्टी निघणार म्हणून मी मनातून खूश झाले होते.

सरांनी दाणा उचलला, कपाळाला लावला आणि शर्टाच्या खिशात टाकला. "पूजा मनापासून केली होती, सर," ते परीक्षकांना म्हणाले. "म्हणून तर पोरगी पास झाली."

परीक्षकांनी मान डोलावली.