साक्षीदारांच्या खोलीतल्या काकू

वर्गातली पोरं त्यांना काकू म्हणायची. पहिल्या दिवशी कुणाच्या तरी तोंडून गेलं ते चिकटलंच, आणि पुढे प्राध्यापकही हजेरी घेताना काकूच म्हणायला लागले. काकूंनी चाळिशी कधीच ओलांडली होती. एका मोठ्या दुकानाच्या दारात उभं राहून गिऱ्हाइकांच्या पिशव्या तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. तिथल्या सुपरवायझरची जागा रिकामी झाली तेव्हा मॅनेजर म्हणाला, तुम्हालाच दिली असती, पण पदवी लागते. काकूंनी त्याच आठवड्यात कॉलेज गाठलं. गुन्हेगारी आणि न्यायव्यवस्था हा विषय काही त्यांनी हौसेनं निवडला नव्हता. त्याचे तास संध्याकाळी असत आणि बाकीच्या विषयांचे सकाळी, एवढंच. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणाला, दिवसभर चोर शोधतेस, आता रात्री त्यांचाच अभ्यास कर.

शेवटच्या सहामाहीला इंटर्नशिप आली. कुणाला तुरुंग मिळाला, कुणाला पोलीस ठाणं. काकूंच्या वाट्याला आली कोर्टातली साक्षीदारांची खोली. आठवड्यातून दोन दिवस जायचं. एक सुट्टीचा वार होता, दुसऱ्यासाठी त्यांनी दुकानातली साठवलेली रजा मोडायला काढली.

पहिल्याच दिवशी फाटकावरच्या शिपायानं त्यांना आरोपींच्या नातेवाइकांच्या रांगेत उभं केलं. मी विद्यार्थिनी आहे, असं काकूंनी सांगितलं. शिपायानं त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो का? मुलगा कितव्या मजल्यावर आहे?" गळ्यातलं ओळखपत्र दाखवल्यावर त्यानं सोडलं, पण पुढच्या खेपेला पुन्हा तेच. सहामाही संपेपर्यंत त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही.

साक्षीदारांची खोली म्हणजे भिंतीला लावलेल्या खुर्च्या, एक बंद पडलेला पंखा आणि उघडी न राहणारी खिडकी. तिथला अधिकारी काकूंच्या भाच्याच्या वयाचा होता, सगळे त्याला साहेब म्हणत. साहेबांनी काम समजावून सांगितलं ते एवढंच: आलेल्या साक्षीदाराला बसवायचं, पाणी विचारायचं, तो निघून जाणार नाही हे बघायचं. आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. खटल्याबद्दल त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही, नाहीतर समोरचा वकील म्हणेल की तुम्ही साक्षीदाराला पढवलं.

तिथेच त्यांना लाँड्रीवाले भेटले. साठीचा माणूस, धुतलेल्या कपड्यांचा वास अंगाला कायमचा लागलेला. त्यांच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर दोघांनी एका पोराला लोखंडी नळीनं मारलं होतं. पोराचा एक डोळा गेला. लाँड्रीवाल्यांनी ते इस्त्री करता करता काचेतून पाहिलं आणि पोलिसांना सांगितलं. त्या संकुलात काकूंना मॅडम म्हणणारा हा पहिला माणूस. त्यामुळे त्या जरा ताठ बसल्या.

त्या दिवशी न्यायाधीश रजेवर होते. हे कळलं दुपारी. लाँड्रीवाले सकाळपासून दुकान बंद ठेवून बसले होते. साहेबांनी दारातूनच पुढची तारीख सांगितली आणि काकूंना म्हणाले, त्यांना समजावा, पुढच्या वेळी नक्की होईल. काकूंनी तसंच सांगितलं. पुढच्या वेळी आरोपींना तुरुंगातून आणायला गाडी नव्हती. त्याच्या पुढच्या वेळी समोरच्या वकिलाचा घसा बसला होता. दर वेळी साहेब म्हणत, नक्की होईल म्हणून सांगा. दर वेळी काकू सांगत, आणि लाँड्रीवाले मान डोलावून घरी जात. तसे ते कधी भांडले नाहीत. ते भांडले असते तर बरं झालं असतं, असं काकूंना वाटायचं.

खटल्याबद्दल बोलायचं नाही म्हणून दोघं दुसरंच बोलत. कॉलरचा मळ कसा काढायचा, गिऱ्हाइकं खिशात काय काय विसरतात. लाँड्रीवाल्यांची सून दुकान सांभाळायला तयार होती, पण तिचा हात इस्त्रीला जड होता. दुकान बंद दिसलं की लोक समोरच्या नव्या दुकानात जाऊ लागले होते. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. काकू घरी येऊन नवऱ्यावर चिडचिड करत. नवरा विचारायचा, आता मी काय केलं? त्याचं काहीच चुकलेलं नसायचं.

मग एका तारखेला, फाइल कुठल्या मजल्यावर गेलीय ते शोधणं चालू असताना, लाँड्रीवाले हळूच म्हणाले, "मॅडम, त्या पोराला मारणाऱ्यांतल्या एकाचं जाकीट आता मला नीट दिसत नाही. आधी डोळे मिटले की दिसायचं."

काकूंनी हात वर केला. "ते मला नका सांगू. मला ऐकता येत नाही."

 ते चूक केल्यासारखे खाली बघत राहिले. काकूंना स्वतःचाच राग आला. त्या उठून साहेबांकडे गेल्या आणि सांगितलं की साक्षीदार विसरायला लागलाय, लवकर काहीतरी करा. साहेब म्हणाले, ते सरकारी वकिलांचं काम. सरकारी वकील व्हरांड्यात फोनवर होते. काकू त्यांच्या समोर उभ्या राहिल्या, फोन संपला, दुसरा आला, तोही संपला. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? इंटर्न आहे, असं सांगितल्यावर त्यांना हसू आवरेना. मग म्हणाले, असं काही असेल तर तुमच्या साहेबांमार्फत कळवा. काकू परत साहेबांकडे. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "काकू, मी पण इथे एकटाच आहे हो. तुम्ही पाणी विचारा, बास झालं."

त्यानंतरच्या तारखेसाठी साहेबांनी काकूंनाच फोन करायला लावला. या वेळी मात्र नक्की होणार, असं सांगा म्हणाले. काकूंनी फोन लावला आणि म्हणाल्या, "होईल की नाही मला माहीत नाही. यावं की नाही ते तुम्ही ठरवा. मी नक्की म्हणणार नाही." पलीकडून बराच वेळ इस्त्रीच्या वाफेचा आवाज आला. मग ते म्हणाले, येतो. साहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांचं तोंड आंबट झालेलं दिसलं.

ती तारीख आली त्याच्या आधीच काकूंचे इंटर्नशिपचे तास भरले. एवढा एक दिवस येऊ द्या, असं त्यांनी साहेबांना विनवलं. कॉलेजनं इंटर्नशिपपुरता काढलेला विमा संपला होता, त्यामुळे साहेबांना परवानगी देता येईना. निदान प्रेक्षकांत बसावं म्हटलं, तर दुकानात रजा एकही उरलेली नव्हती. त्या दिवशी काकू दारात पिशव्या तपासत होत्या आणि एका बाईची पिशवी त्यांनी दोनदा उघडली. बाई भडकली. मॅनेजरनं येऊन माफी मागितली आणि काकूंकडे असं पाहिलं की त्यांना दार सोडून निघून जावंसं वाटलं.

संध्याकाळी त्या लाँड्रीवर गेल्या. साक्ष झाली होती. लाँड्रीवाल्यांनी स्टूल पुढे केलं आणि इस्त्री उभी करून ठेवली.

पोलिसांना त्यांनी गडद लाल जाकीट सांगितलं होतं. कोर्टात त्यांच्या तोंडून तपकिरी निघालं. वकिलानं शांतपणे विचारलं, लाल की तपकिरी? ते म्हणाले, लाल असेल. असेल की होतं? मग त्यांना घाम फुटला. वकील म्हणाला, आयुष्यभर कपडे हाताळणाऱ्या माणसाला रंग आठवत नाही, मग चेहरा कसा आठवेल? कोर्टात कुणीतरी हसलं.

"चेहरा मला आठवत होता," लाँड्रीवाले म्हणाले. "पण त्यानंतर माझं कुणी ऐकलं असं वाटलं नाही. ते पोर समोरच बसलं होतं, मॅडम. एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होतं."

 तुमची चूक नाही, असं काकू म्हणाल्या. लाँड्रीवाल्यांना ते माहीत होतं आणि त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. त्यांनी इस्त्री पुन्हा हातात घेतली. काकू थोडा वेळ बसल्या आणि उठल्या.

दोघा आरोपींपैकी एक सुटला. दुसऱ्याला शिक्षा झाली ती नळी त्याच्या घरात सापडली म्हणून.

अहवाल मुलीनं टाइप करून दिला, कारण काकूंची बोटं कीबोर्डवर अडखळायची. इंटर्नशिपमधून काय शिकलात, या मथळ्याखाली काकूंनी सांगितलं: साक्षीदाराला इतका वेळ बसवून ठेवलं तर तो विसरतो, आणि विसरला की त्यालाच खोटा ठरवतात. मुलगी थांबली. "आई, हे असं लिहिलंस तर मार्क जातील." काकू म्हणाल्या, जाऊ दे. मार्क गेलेच. प्राध्यापकांनी शेरा मारला की निरीक्षण एका प्रकरणापुरतं मर्यादित आहे. साहेबांच्या मूल्यमापनात लिहिलं होतं: कामसू, वक्तशीर, साक्षीदारांना सूचना देताना संदिग्धता. काकूंनी मुलीला संदिग्धता म्हणजे काय ते विचारलं आणि अर्थ कळल्यावर त्यांना जेवण गेलं नाही.

पण पदवी मिळाली. सुपरवायझरची जागा तोवर मॅनेजरच्या ओळखीतल्या एका पदवीधराला गेली होती.

पुढच्या महिन्यात काकू कोर्टाच्या कार्यालयात गेल्या आणि साक्षीदारांच्या खोलीत कायमची नोकरी आहे का, ते खिडकीवरच्या बाईंना विचारलं. जागा मंजूर आहे, बाई म्हणाल्या, पण कित्येक वर्षं भरलेली नाही, विद्यार्थ्यांवर भागतं.

"कधी भरणार?"

"ते काही सांगता येत नाही. अर्ज देऊन ठेवा हवा तर."

काकूंनी तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहिला. पेन नीट चालत नव्हतं, म्हणून बाईंचं मागून घेतलं. मग दुकानाची वेळ होत आली होती, म्हणून जिन्यानं भरभर खाली उतरल्या.