वाढपीनाना आणि मॅडम

आमच्या वाढपीनानांना माणसाची भूक पाठीमागून दिसायची. गिऱ्हाईक पाठ करून बसलेलं असलं तरी त्याच्या खांद्यांकडे बघून नाना मला सांगायचे, "आक्का, त्या निळ्या सदऱ्याला तिसरी भाकरी लागनार, टाका तव्यावर." मी टाकायचे आणि ती लागायचीच. तिसगावच्या रस्त्याला आमचं हॉटेल. मी भाकऱ्या थापायला, नाना वाढायला. त्यांचं नाव-आडनाव हजेरीच्या वहीत असेल, मी काही कधी विचारलं नाही.

पण त्यांचं खरं कसब आग्रहात. आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पोटात जागा असली तरी आधी "नको" म्हणायचं, मग ताटावर आडवा हात धरायचा, मग "बरं, अर्धी" म्हणून सगळी खायची. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा हावरट ठरतो आणि पहिल्याच नकारावर फिरणारा वाढपी माजोरी. कुणाचा हात खरा आणि कुणाचा मानाचा, हे नाना बोटांवरून ओळखायचे. "बोटं फाकलेली असली की वाढायचं. मिटलेली असली तर मानूस खरंच भरलाय, त्याला छळू न्हाई." आणि पथ्यावरच्या म्हाताऱ्यापुढून जिलेबीचं ताट असं लपवून न्यायचे, की बिचाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायला नको.

अशा माणसाला आमच्या शेठनं यंत्राशी झुंजवलं. शेठ पुण्याला गेले होते, तिथं एका हॉटेलात त्यांनी चाकांवरची, बोलणारी, ताटं नेणारी कपाटासारखी वस्तू बघितली. झालं! महिन्याभरात ती आमच्या दारात. शेठाणीबाईंनी तिला हळदीकुंकू लावलं, लिंबू-मिरच्या बांधल्या आणि तिच्यापुढे नारळ फोडला. नारळाचं पाणी चाकात गेलं आणि यंत्र दोन दिवस जागचं हललं नाही. नाना म्हणाले, "आल्या आल्या रजा! आपल्याला न्हाई बा जमलं हे इतक्या वर्सांत."

तिचा आवाज बाईचा, म्हणून सगळे तिला मॅडम म्हणायला लागले. मॅडम निघाल्या की चांगली मिशीवाली माणसं उठून खुर्च्या सरकवायची, "या मॅडम, या." नाना जन्मभर आठ-आठ वाट्या घेऊन तिरके-तिरके जात होते, त्यांच्यासाठी कुणी कधी पाय आखडला नाही.

शेठनं भिंतीवर फळा लावला. महिनाभर दोघांची ताटं मोजायची, ज्याची जास्त तो राहील. नानांचा चेहरा उतरला. बायको मागेच गेलेली, लेक अकोल्याला दिलेली. "लेकीच्या घरी पाव्हना म्हनून दोन दिस बरं वाटतंय, आक्का. रोज उठून तिच्या ताटाकडं बघनं नको." मॅडमला तंबाखू नको, सुट्टी नको, ती कुणाच्या सासूचे गुडघे विचारत नाही. नाना प्रत्येक टेबलापाशी थांबायचे. दुपारच्या आतच फळ्यावर मागे पडायचे. मी म्हटलं, "नाना, जरा हात चालवा की!" तर म्हणाले, "ताट ठिवून माघारी फिरायचं, हे पोष्टमनचं काम. वाढनं निराळं."

महिना सरत आला आणि शेठच्या मुलीला बघायला पाहुणे आले. शेठनं मुद्दाम त्यांना मॅडमच्या टेबलावर बसवलं. मॅडम आल्या. "आणखी भाकरी हवी असल्यास हो म्हणा." मुलाचे वडील रीतीनं म्हणाले, "नको नको." "धन्यवाद," म्हणून मॅडम पुढे. मुलाच्या मामांनी ताटावर हात धरला. "धन्यवाद." सगळ्या पंगतीला मॅडमनी धन्यवाद वाढला. अर्ध्या पोटी मुलाचे वडील हात धुवायला उठले आणि शेठना म्हणाले, "तुमच्याकडं लई शिस्त हाय. आमच्या घरात असली शिस्त चालायची न्हाई."

शेठ स्वयंपाकघरात धावत आले. "नाना, पोरीचं बघा हो काहीतरी!" नाना भाकऱ्यांची टोपली घेऊन पाहुण्यांच्या आडवे उभे राहिले. "हात धुतला तर मी आजपासनं वाढनं सोडलं. अर्धी. माझ्यासाठी." पाहुणे "आता काय म्हणायचं या माणसाला" करत बसले आणि तीन भाकऱ्या खाऊन उठले. लग्न ठरलं.

तुम्हाला वाटेल नाना जिंकले. पण शेठ हिशेबी माणूस, त्यांनी दोघांनाही ठेवलं. मॅडमनी ताट न्यायचं आणि नानांनी मागून चालत आग्रह करायचा. नाना चुकून पुढे आले की मॅडम म्हणायच्या, "कृपया वाट सोडा." सोडायचे बिचारे.

दोन वर्षांनी गुडघ्यांनी दगा दिला आणि शेवटी नाना लेकीकडे निघाले. जायच्या आधी शेठनं त्यांना मोबाईलपुढे बसवलं, मॅडममध्ये त्यांचा आग्रह भरायला. नानांनी मोबाईल उलटून-पालटून बघितला. "समोर कुनी जेवनारं न्हाई, कुनाला म्हनू?" शेवटी मीच ताट घेऊन समोर बसले. तेव्हा म्हणाले, "घ्या हो, असं काय करता? तुमी जेवल्याबिगर आमाला कसं जेवन जाईल?" आता तेच वाक्य मॅडम रोज साऱ्या जगाला ऐकवतात. बोललेले मात्र नाना माझ्याशी.

मागच्या महिन्यात नाना आले, गिऱ्हाईक म्हणून. शेठनं मानानं बसवलं. मॅडम जिलेबी घेऊन आल्या आणि नानांच्याच आवाजात म्हणाल्या, "घ्या हो, असं काय करता?" नानांना आता साखर निघालीय. त्यांनी बोटं घट्ट मिटून हात धरला. मॅडम पुन्हा तेच म्हणाल्या. तिसऱ्यांदाही. आग्रह मोडायची नानांना सवय नाही, त्यांनी घेतली. मी पिठाच्या हातांनी उठले आणि ताटातून ती उचलली.

"कसं नाना? हुबेहूब ना?" शेठनी विचारलं.

"माझ्यापरीस खनखनीत हाय," नाना म्हणाले. मग हात धुवायला उठले, तर शेजारी एक म्हातारी रिकाम्या वाटीत भाकरीचा तुकडा फिरवत बसलेली. मॅडम तिच्या शेजारून दोनदा गेल्या होत्या. नानांनी आमटीची बादली उचलली.

"अहो नाना, बसा! आज तुम्ही गिऱ्हाईक," शेठ म्हणाले.

"व्हय, बसतो," म्हणत नाना पुढच्या टेबलाकडे सरकले. तिथून त्याच्या पुढच्या. गुडघा धरून, तिरके-तिरके.

त्यांची परतीची एसटी त्या दिवशी चुकली.