तुरीच्या शेंगांचा रकाना

हे सांगणं मी इतकी वर्षं टाळलं, कारण सांगायचं तर चूक कागदाची नव्हे, माझी होती, हे कबूल करावं लागलं असतं.

साठ सालाच्या आसपास मी अमरावतीत सरकारी पाहणीवर होतो. लहान शेतकऱ्यांना बियाण्यासाठी आणि विहिरीसाठी मदत मिळे. त्या खर्चाच्या मानाने पीक किती वाढलं, हे मोजणं माझं काम. बडनेऱ्याजवळ एक विधवा बाई तीन एकर एकटीने करायची. तिच्याकडे मी प्रत्येक वेचणीला कापूस तोलायला जाई.

कापूस तोलून झाला, की ती ओच्यातल्या तुरीच्या शेंगा काट्यावर ठेवी.

"सायब, हे बी तोला. कापूस इकाले हाये, हे खाले हाये."

"कागदावर कापसाचाच रकाना आहे, बाई."

"मंग मोठा कागद आना ना, बाप्पा!" ती हसे. मी शेंगा उचलून बाजूला ठेवी.

कापसात तुरीच्या ओळी पेरायची आपली रीत मला लहानपणापासून ठाऊक होती. त्या तुरीवर तिचं घर वर्षभर जेवत होतं. तरी मी अहवालात लिहिलं, 'लहान शेतांवर खर्चाच्या मानाने उत्पन्न नाही.' मदत थांबली. तिची विहीर अर्धीच खणून राहिली.

दोन वर्षांनी ती बडनेरा स्टेशनवर दिसली. शेत सोडून अकोल्याला मजुरीला निघाली होती.

"सायब, भेटला काय मोठा कागद?"

या वेळी ती हसली नाही. मी घड्याळाकडे पाहत राहिलो आणि गाडी सुटली.

'बाई, तुमच्या शेंगा मी तोलायला हव्या होत्या,' एवढंच म्हणायचं होतं.