जवाबी कार्डावरची छापील ओळ

अर्जदार : मी, शिंदखेड्याच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसणारा अर्जनवीस, शिक्षण सातवी, कायद्याचे ज्ञान त्याहून पुष्कळ. सामनेवाला : धुळ्याच्या एका छापखान्यातील जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे लावून मजकूर जुळवणारा, माझा एकमेव मित्र. काळ : नव्वद सालच्या आसपासचा, कापूस वेचणीचा हंगाम. साक्षीदार : टपाल वाटणारे नाना.

हकीकत अशी की, माझे पहिले व्हिजिटिंग कार्ड त्यानेच जुळवले. नावाखाली ‘कायदेशीर मजकुराचे तज्ज्ञ’ असावे, असा माझा आग्रह. त्याने हसून घातले. पुढे मी पक्षकारांसाठी जवाबी पोस्टकार्डे छापून घेतली. एका अर्ध्यावर मी तारीख कळवायची. उत्तराच्या अर्ध्यावर मजकूर छापील : ‘आपले पत्र मिळाले. मजकूर समजला. हजर राहतो.’ खाली सही किंवा अंगठा करून कार्ड पेटीत टाकले की झाले. ही कल्पना सर्वस्वी माझी. खिळे लावता लावता तो म्हणाला, “भाऊ, दुसराना जवाब बी तूच लिखी टाकस. मंग त्यानी काय लिखानं?” मी त्याला निरक्षर पक्षकारांच्या अडचणी सविस्तर समजावून सांगितल्या.

मग खिळ्यांशिवाय छापणारे ऑफसेट यंत्र आले. त्याचा छापखाना बंद पडला आणि तो जळगावला लग्नपत्रिकांच्या दुकानात कामाला लागला. दर गुरुवारी धुळ्याला जाण्याचे माझे कारणच संपले. अखेर मी टेबलामागची खोली भाड्याने घेतली व त्याला लिहिले की, परत ये, दोघे मिळून इथेच छपाई करू. हाताशी कोरे कार्ड नव्हते. जवाबी कार्डावरच लिहिले.

आठव्या दिवशी नानांनी उत्तर आणून दिले. छापील तीन वाक्ये आणि खाली त्याची सही.

मी खोलीला चुना दिला. जळगावकडून येणाऱ्या पॅसेंजरच्या वेळी कितीदा तरी स्टेशनावर जाऊन उभा राहिलो. तो आला नाही.

सही केलेला मजकूर नाकारता येत नाही, असे मी जन्मभर लोकांना सांगत आलो. या एका कागदाबाबत मला तसे म्हणवत नाही. मजकूर माझा होता. नाही म्हणायला मी त्याला जागाच ठेवली नव्हती. कदाचित मनापासून हो म्हणायलाही.

सबब नम्र विनंती की, सामनेवाल्याच्या वाचनात हे आल्यास त्याने स्वतःच्या अक्षरात चार ओळी कळवाव्यात. येणे न येणे त्याच्या मर्जीवर. त्या दिवशी तो काय लिहिणार होता, एवढेच कळावे. उत्तरास मुदतीची अट नाही.