अकरा नंबरची गोधडी

आमच्या घरात एक ढाल आहे. ती मला मिळाली, आणि ती कुठं ठेवायची हे सासूबाईंनी ठरवलं.

किकवीवरून आत वळलं की आमचं गाव. गावात आम्हा बायकांचं बाग आणि हस्तकला मंडळ आहे आणि मी त्याची सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे सतरंज्या मोजणारी, माईक मागून आणणारी आणि कुणाची शेवंती कुणाच्या शेवंतीशेजारी मांडायची नाही हे ध्यानात ठेवणारी बाई. दर माघात शाळेच्या हॉलमध्ये आमचं प्रदर्शन भरतं. भाज्या, फुलझाडं, भरतकाम आणि गोधड्या.

पहिल्याच वर्षी गोधडीत पहिला नंबर सासूबाईंचा आला. (मी त्यांना आत्या म्हणते.) त्यांच्यासारखा धावदोरा आसपासच्या गावांत कुणाचा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी संध्याकाळी नळावर चर्चा सुरू. "सून सेक्रेटरी म्हणल्यावर नंबर घरातच की!" आत्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी बक्षिसाचा स्टीलचा डबा माझ्यापुढं आदळला.

"तुझ्या मंडळाचा डबा तुझ्यापाशी ठिव. माझं मला मिळंल तवा मिळंल."

त्यानंतर तीन वर्षं त्यांनी सुई हातात धरली नाही.

मग मी नियम केले. मला नियम आवडतात. त्यांना चहा द्यावा लागत नाही. परीक्षक बाहेरगावची. वस्तूवर नाव नाही, फक्त नंबराची चिठ्ठी. वस्तू कुणाची हे सेक्रेटरीलाही कळता कामा नये. आणि सकाळी दहाच्या आत जी वस्तू आपल्या जागेवर लागली नाही ती बाद, मग ती सरपंचाच्या घरची असो नाहीतर माझ्या आईची! मी हे घरी वाचून दाखवलं तेव्हा आत्या एवढंच म्हणाल्या, "आता बगू."

त्या काय बघणार होत्या, हे मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून आठ महिने त्या रोज दुपारी समोरच्या शेवंताकाकूंकडं जाऊन बसायला लागल्या.

"आत्या, रोज काय असतं तिकडं? घरात हरभरा निवडायचा पडलाय."

"गप्पा असत्यात."

"चार-चार तास?"

"तुला कुणी गप्पांना बोलवत न्हाई, म्हणून तुला ठावं न्हाई."

(हे खरं होतं. त्यामुळं मी हरभरा निवडायला बसले.)

प्रदर्शनाच्या सकाळी हॉलमध्ये नुसता गोंधळ. दाराशी पोत्यांचा ढीग, मी एकेक पोतं रिकामं करतेय आणि वस्तू जागेवर लावतेय. गोधड्यांसाठी दोरी बांधली होती. बायका आपापल्या गोधड्या स्वतः टांगून गेल्या. दहा वाजून आठ मिनिटांनी मंडळातली मंगल धापा टाकत आली. खांद्यावर हातभर लांब दुधी.

"वहिनी, एसटी आली न्हाई वं! किकवीपासनं चालत आलेय मी!"

"दहा म्हणजे दहा, मंगल."

"आठ मिन्टं! दुधी काय आठ मिन्टात नासतोय व्हय?"

"नियम म्हणजे नियम."

मंगल दुधी घेऊन मागच्या बाकावर बसली. मांडीवर असा धरला होता, की एखाद्याला वाटावं बाळ झोपवतेय. मला काडीचंही वाईट वाटलं नाही. उलट स्वतःचा अभिमान वाटला!

आता अडचण भोपळ्याची. तो एवढा मोठा, की आणताना टेम्पोवाल्यानं त्याला पुढच्या सीटवर बसवलं होतं. शाळेचं टेबल पत्र्याचं, गुळगुळीत. भोपळा ठेवला की गडगडायचा. दोनदा मी तो पोटावर झेलला. (पोट आहे, म्हणून वाचले.) तेवढ्यात दाराजवळच्या एका खताच्या पोत्यात मला जाड गोधडी दिसली. घडी घातलेली, साध्या पांढऱ्या धोतराची बाजू वर. आमच्याकडं भोपळा वाटेत फुटू नये म्हणून जुन्या गोधडीत गुंडाळून आणतात. ही त्याच भोपळ्याची, हे शेंबडं पोरही सांगेल! मी ती टेबलावर अंथरली. वर भोपळा बसवला. आजूबाजूला माती लागलेले सुरण, ओली हळद, आणि कडेनं जास्वंदीच्या सहा कुंड्या. कुंड्या सुकल्यासारख्या वाटल्या, म्हणून तांब्यानं भरपूर पाणी घातलं. दूर उभी राहून पाहिलं. झकास.

परीक्षक मॅडम आल्या, त्याही टेबलापुढं थांबल्या. "वा! ही मांडणी कुणाची?"

"माझीच," मी नम्रपणे म्हणाले. फार नम्रपणे नाही.

मग त्या गोधड्यांकडं वळल्या. वही उघडून नंबर घेऊ लागल्या. नऊ, दहा, बारा. "अकरा कुठंय?"

"नसेल आलेली," मी म्हणाले. "गैरहजर लिहा."

मॅडमनी गैरहजर लिहिलं. पहिल्या रांगेतून शेवंताकाकू उठल्या.

"गैरहजर कशी? धा वाजायच्या आधी म्याच ठिवलीया! दाराशी, खताच्या पोत्यात! तुज्या सासूला दोरीपाशी यायचं नव्हतं, कुणी वळखाय नगं म्हणून. म्हणली, सेक्रेटरीच लावंल!"

मी आत्यांकडं पाहिलं. आत्या माझ्याकडं पाहत नव्हत्या. त्या भोपळ्याकडं पाहत होत्या. सावकाश उठल्या, टेबलापाशी आल्या.

"सुनंदा, भोपळा उचल."

मी भोपळा उचलला. आत्यांनी सुरण बाजूला केले, कुंड्या खाली ठेवल्या आणि गोधडी उलटली. हॉलमध्ये एवढी शांतता मी माईक लावूनही कधी मिळवलेली नाही. मधोमध मामंजींच्या फेट्याचं लाल चक्र. भोवती लुगड्यांचे तुकडे, तांदळाच्या दाण्याएवढे टाके, एकही वाकडा नाही. एका कोपऱ्यात अकरा नंबरची भिजलेली चिठ्ठी, दुसऱ्या कोपऱ्यात हिरवा तुकडा माझ्या डोहाळजेवणाच्या साडीचा. ती साडी मी पोतेऱ्याला काढली होती. या सगळ्यावर कुंड्यांचं पाणी झिरपून फेट्याचा लाल रंग पसरला होता, आणि मध्ये हळद आणि चिखलाचं भलंमोठं गोल कडं. भोपळ्याच्या मापाचं.

मॅडम वाकून टाके बघत राहिल्या. "आजी, ही पहिली आली असती हो. अजूनही मी..."

"दहाच्या आत दोरीवर लागली न्हाई," मागून आवाज आला. मंगल. दुधी अजून मांडीवरच. "जागंवर न्हाई ती बाद. नियम म्हंजी नियम, सेक्रेटरीबाई!"

भोपळा अजून माझ्या पोटाशीच होता.

"बराबर बोलती ती," आत्या म्हणाल्या. "मॅडम, लिवलंय ते ऱ्हाऊ द्या. पुन्यांदा नळावर बोलणं नगं."

त्यांनी गोधडीची घडी घातली आणि जागेवर जाऊन बसल्या. मग बक्षीस समारंभ सुरू झाला, कारण पाहुणे येऊन बसले होते आणि कुणाला तरी काहीतरी द्यायलाच हवं होतं. उत्कृष्ट मांडणी, ढाल, सौ. सुनंदा! टाळ्या एकट्या आत्यांनी वाजवल्या. मी खाली उतरेपर्यंत थांबल्या नाहीत.

गोधडी मी तीनदा धुतली. चिखल गेला, हळद गेली नाही. चौथ्यांदा भिजवायला घेतली तेव्हा आत्यांनी ती हातातून काढून घेतली. वाळवली, घडी घातली, डाग बरोबर दर्शनी बाजूला आणला आणि बाहेरच्या खोलीत कपाटावर ठेवली. वर माझी ढाल.

"गुळगुळीत जागी ठिवली तर घसरंल," म्हणाल्या.

आल्यागेल्याला त्या स्वतः दाखवतात. "सुनेला बक्षीस मिळालंय. वरची ढाल तिची, खालची गोधडी माझी." तेवढंच. जास्त एक शब्द नाही.

मी विचारलं, "आत्या, यंदा दुसरी शिवणार का?"

"डोळं गेलं आता, बाई."

दर रविवारी मी ढाल खाली काढते, पुसते, गोधडीचा कोपरा सरळ करते, आणि ढाल पुन्हा डागाच्या बरोबर मधोमध बसवते. बोटभरही इकडंतिकडं नाही. बाकी काही म्हणा, मांडणीत माझा हात धरणारं कुणी नाही!