बंद गिरणी

मंठ्याला आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणारी बाई घरातही ओरडूनच बोलते. गिरणीच्या घरघरीची सवय. त्या घरघरीतच बायका एकमेकींच्या कानाशी लागून आपापलं दुखणं सांगायच्या. ही मात्र दळणाकडेच बघायची.

एकदा शेजारची नवी सून गालावरचा वळ पदराने झाकत उभी होती. बाईने गिरणी बंद केली.

"मलाबी नवरा मारायचा," ती हळू आवाजात म्हणाली. तिचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "मी पडले म्हणूनच सांगत राह्यले. खरं सांगितलं, तवा माझा भाऊ पाठीशी उभा राह्यला."

मग रांगेतली माझ्यामागची म्हातारी म्हणाली, "मलाबी."

सुनेला घरी सोडायला आम्ही सगळ्याच गेलो.

आता लाइट नसली तरी बायका रिकामे डबे घेऊन गिरणीत येतात.